मिश्रण आणि भेसळ

दूध संकलन केंद्रावर पहाटे दूध आले म्हणजे तेथील परीक्षक त्यात लॅक्टोमीटर बुडवितो आणि नळीवरील रेघ पाहून हे दूध निर्भेळ, हे पाणी घातलेले, असा तत्काळ निकाल देतो. दुधाच्या बाबतीत ही रीत योग्यच आहे. परंतु हेच उपकरण हाती घेऊन काही विद्वान मंडळी अलीकडे गाण्याच्या व्यासपीठाजवळ बसू लागली आहेत. एखादे गाणे कानी पडले, की ते कोणत्या जातीचे, कोणत्या गावचे, त्यात परका सूर किती मिसळला, याची रेघ पाहून ती त्याचे भवितव्य ठरवितात. गाणे म्हणजे दूध नव्हे, ही साधी गोष्ट त्यांस कोणी तरी सांगावयास हवी. ते काम आम्ही या लेखात अंगावर घेत आहोत.

हा प्रश्न आमच्या मनात उगाच उद्भवलेला नाही. आम्ही राहतो तो ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडचा डोंगराळ मुलूख. मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी अशी जी स्थानके लागतात, त्यांच्या आसपास गेल्या काही दशकांत नवी वस्ती वाढली. खानदेशातून, नगर-नाशिककडून, मराठवाड्यातून, उत्तर हिंदुस्थानातून पोटासाठी आलेली कुटुंबे मूळच्या कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी, वारली व महादेव कोळी समाजांच्या शेजारी राहू लागली. मोठी माणसे आपापल्या बोलीत बोलत राहिली. मुले मात्र एकाच ओढ्यावर पोहली आणि एकाच गणपतीपुढे नाचली.

काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेस आम्ही प्रेक्षक म्हणून गेलो होतो. आसनगावच्या बाजूस राहणारा एक मूळचा खानदेशी विद्यार्थी गावयास उभा राहिला. श्रावणात घरी कानबाई बसते, त्या वेळची अहिराणी गाणी आईच्या तोंडून त्याने लहानपणापासून ऐकलेली; आणि पुढे ठाकर सोबत्यांत वाढल्यामुळे त्यांच्या ढोलाची लय त्याच्या अंगात भिनलेली. कानबाईची चाल त्याने त्या ढोलाच्या लयीवर बसविली होती, आणि ढोल वाजविण्यास आपल्या ठाकर मित्रासच शेजारी उभे केले होते. सभागृह डोलू लागले. परीक्षकांनी मात्र निकाल सांगताना, हे गाणे धड अहिराणी नाही व धड ठाकरीही नाही, सबब ते लोकगीताच्या गटात बसत नाही, आणि सुगम संगीताच्या गटात तर मुळीच बसत नाही, असे सांगून त्यास दोन्हींकडून वगळले. त्याच दिवशी पहिले बक्षीस मिळाले ते तारपा नृत्यास. त्या नृत्यात तारपा नव्हता. ध्वनिक्षेपकातून मुद्रित सूर वाजत होता आणि भाड्याच्या पोशाखातील मुलेमुली त्यावर गोल फिरत होती. जिवंत ढोल ज्या निकालात बाद होतो आणि गैरहजर तारपा पहिला येतो, त्या निकालामागचे तत्त्व तपासून पाहणे अवश्य आहे.

प्रथम शुद्धतावाद्यांचा पक्ष आम्ही त्यांच्याच बाजूने मांडतो. कारण तो अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, लोकगीत हे हवेत वाढत नाही. लग्नाचे गाणे लग्नासाठी, कणसरीचे गाणे धान्यासाठी, देवीचे गाणे देवीसाठी असते. विधीपासून ते तोडले की त्याचे प्राण जातात. दोन गाण्यांतून निम्मे निम्मे घेऊन एक केले, तर दोन्ही देवता रुष्ट होतात आणि हाती उरते ते करमणुकीचे चाटण. शिवाय आदिवासींची कला आधीच आचके देत आहे. तिच्यात बाहेरच्याने हात घातला तर ती लवकर मरेल. म्हणून ज्याचे त्याने गावे, जसेच्या तसे गावे, आणि आपण ते जपून ठेवावे. या युक्तिवादातील काळजी खरी आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष इतिहासाच्या एकाही कसोटीस उतरत नाही.

ज्या संगीतास आपला सुशिक्षित वर्ग आज शुद्धतेचा मानदंड मानतो, त्याचीच कुळकथा पाहा. अब्दुल करीम खाँसाहेब १८७२ साली आजच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे जन्मले. घराणे गवय्यांचे व सारंगियांचे. गाव यमुनेच्या अंगाचे. तेथून निघालेला हा तरुण बडोद्याच्या दरबारात काही काळ राहिला, पण दरबारी चाकरीत रमला नाही. पुढे त्याने पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालविले, तिकीट लावून जलसे केले, आणि अखेर कृष्णाकाठच्या मिरजेस आपले घर केले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा कोणत्याही संस्थानाच्या दावणीस न बांधलेला, स्वतंत्र वृत्तीचा, परगावाहून आलेला कलावंत होता.

आता या परक्याने काय केले ते पाहा. कैरान्याचा बीन-सारंगीचा लगाव, एकेका स्वरावर रेंगाळणारी ती आर्त आलापी त्याने सोडली नाही. परंतु तो ज्या मुलखात आला होता, तेथे नाट्यपदांचे राज्य होते; तेव्हा त्याने मराठी नाट्यपदे गाइली आणि तबकड्यांवर मुद्रितही केली. खालच्या बाजूस कर्नाटक होते. म्हैसूरच्या दरबारात त्याची ये-जा झाली, तेव्हा कर्नाटक पद्धतीची सरगम त्याने आपल्या ख्यालात आणली, आणि त्यागराजांची कृतीही गाइली. हिंदुस्थानी गवयाने सरगम इतक्या मोकळेपणाने गावी, हे त्या काळच्या अनेक कर्मठांस रुचले नाही. तरी खाँसाहेब गात राहिले. यमुनेच्या तीराची त्यांची भैरवीतील ठुमरी ज्यांनी तबकडीवर ऐकली असेल, त्यांस कळेल, की मिरजेत राहूनही या माणसाचे बालपण त्याच्या गळ्यातून कधी हलले नाही. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी, पाँडिचेरीकडे जात असता, तामिळ मुलखातील सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर त्यांचे निधन झाले. आणि मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्यात त्यांस चिरविश्रांती मिळाली. मिरज आज त्यांस परका म्हणत नाही. तेथील उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात.

पुढची परंपरा तर अधिक बोलकी आहे. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर हे कानडी मुलखातले. मराठी रंगभूमीने त्यांस सवाई गंधर्व केले. गदगकडील एका मुलाने लहानपणी खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तो पुढे सवाई गंधर्वांचा शिष्य आणि पुण्याचा रहिवासी झाला. हेच भीमसेन जोशी. त्यांनी गाइलेले अभंग आज आषाढी एकादशीस किन्हवली-डोळखांबच्या देवळांवरील कर्ण्यांतून पहाटे ऐकू येतात, आणि ऐकणारा शेतकरी, हे आमचे गाणे आहे, असे निःशंक मनाने म्हणतो. कैराना, मिरज, कुंदगोळ, गदग, पुणे, डोळखांब: या प्रवासात कोणत्या नाक्यावर लॅक्टोमीटर बुडवावा, ते शुद्धतावाद्यांनी आम्हांस सांगावे. कोठेही बुडविला असता तर पुढचे गाणे आपल्यापर्यंत आलेच नसते.

मराठी माणसाचा जीव की प्राण जे नाट्यसंगीत, त्याचीही जन्मकथा निराळी नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली गुर्लहोसूर या कानडी मुलखातील गावी जन्मले. १८८० साली पुण्यात शाकुंतल आणि १८८२ साली सौभद्र रंगभूमीवर आले, तेव्हा त्यांत कीर्तनातील साकी-दिंडी होती, लावणीचा बाज होता, पारशी मंडळींच्या संगीत खेळांनी दिलेला धीट नमुना होता, आणि अण्णासाहेबांच्या लहानपणच्या कानडी चालीही होत्या. उद्या एखाद्या स्पर्धेत सौभद्राचे पद निनावी पाठविले, तर ते कोणत्या गटात बसेल याविषयी आमच्या मनात दाट शंका आहे.

येथे आमचे प्रतिपक्षी म्हणतील, की ही थोरांची उदाहरणे झाली. अभिजात संगीतास नियम असतात, त्यामुळे ते परके सूर पचवू शकते. लोकसंगीत नाजूक, त्यास तो भार सोसत नाही. या आक्षेपास उत्तर देण्यास आम्हांस मुरबाडबाहेर जावे लागत नाही. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याजवळून जी वाट नाणेघाटाने जुन्नरकडे चढते, ती सुमारे दोन हजार वर्षे वाहती आहे. घाटमाथ्यावर सातवाहनांचा शिलालेख आहे, आणि जकात गोळा करण्याचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजणही आहे. कल्याण बंदराचा माल या वाटेने वर गेला आणि देशावरचा माल खाली उतरला. बैलांच्या पाठीवर गोण्या होत्या. बैल हाकणाऱ्यांच्या तोंडांत गाणी नव्हती काय? पौष पौर्णिमेस म्हसे येथे जी जत्रा भरते, तिला गुरांच्या बाजारासाठी घाटावरून माणसे येतात. शहापूर तर थळ घाटाच्या पायथ्याचे. येथून नाशिकचा रस्ता जातो आणि गेली दीडशेहून अधिक वर्षे आगगाडीही जाते. असे दोन घाट ज्यांच्या दाराशी आहेत, त्या तालुक्यांचे गाणे कोणी बंद बरणीत वाढले असे म्हणू लागला, तर त्याने नकाशा पाहिलेला नाही, एवढेच सिद्ध होते.

भजनाचेच पाहा. शहापूर-मुरबाडच्या गावोगावी भजनी मंडळे आहेत. कसारा-आसनगावच्या गाड्यांतही नोकरदारांची भजने रंगतात. त्या गाडीच्या डब्यात जळगावकडचा, संगमनेरकडचा आणि शहापूरचा कुणबी एकमेकांच्या चाली उचलतात आणि कल्याण येईपर्यंत ती चाल कोणाची हे विसरतात. गावातल्या भजनात जी पेटी वाजते, ती तर सातासमुद्रापलीकडची. हार्मोनियमचा मूळ नमुना फ्रान्समध्ये १८४२ साली देबँ नावाच्या कारागिराने नोंदविला. कलकत्त्याच्या कारागिरांनी त्यास मांडी घालून वाजविता येईल असे रूप दिले. या परक्या पेटीविरुद्ध शुद्धतावाद्यांनी केवढे रान उठविले होते! ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी तिच्यावर टीका केली, रवींद्रनाथांसारख्या महाकवीनेही तिचा निषेध केला, आणि १ मार्च १९४० पासून रेडिओच्या केंद्रांवर तिला बंदी झाली. ती बंदी सुमारे तीस वर्षे टिकून १९७१ नंतर हळूहळू सैल झाली. पेटीत मींड निघत नाही व श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, हा आक्षेप खोटा नव्हता. परंतु बंदीच्या त्या तीस वर्षांत एकाही खेड्यातील भजनी मंडळाने पेटी फेकून दिली नाही. तिची उणीव बुवांनी आपल्या गळ्याने भरून काढली. परक्या वस्तूची उणीव ओळखून ती आपल्या गुणाने भरून काढणे, यालाच आम्ही मिश्रण म्हणतो.

शब्दांचाही पुरावा देतो. वारल्यांच्या लग्नात जी स्त्री लग्नविधीची गाणी म्हणते, तिला धवलेरी म्हणतात. आगऱ्यांकडे तीच धवलारीण. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने गोविंदप्रभूंच्या सन्निध रुक्मिणीस्वयंवराची जी गाणी रचली, ती धवळे याच नावाने आपण महाविद्यालयांत शिकवितो आणि तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतो. वऱ्हाडातील रिद्धपूरचा हा शब्द सह्याद्रीच्या पायथ्याशी वारल्यांच्या मांडवात कसा आला, अथवा कोणत्या सामाईक झऱ्यातून दोघांनीही तो उचलला, याचा उलगडा भाषापंडितांनी करावा. आम्हांस दिसते ते एवढेच, की जिला आपण अस्पर्श आदिम परंपरा म्हणून काचेच्या कपाटात ठेवू पाहतो, तिच्या नावातच आठशे वर्षांची देवघेव आहे. आणि लाजेची गोष्ट ही, की वर्गात महदंबेचे धवळे शिकविणाऱ्या प्राध्यापकांपैकी कितींनी शेजारच्या पाड्यावरील धवलेरीस ऐकले आहे? शुद्धतेची चिंता वाहणाऱ्यांनी प्रथम ज्याची शुद्धता राखावयाची, ते ऐकण्याचे कष्ट तरी घ्यावेत.

इतके झाल्यावर दुसऱ्या टोकाची मंडळी आमच्याकडे आनंदाने पाहू लागतील, त्यांसही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. या मंडळींच्या मते जे जे मिसळले ते ते उत्तम. तारप्याचा एक तुकडा यंत्रावर मुद्रित करावा, त्याखाली विजेचा ठोका घालावा, वर इंग्रजी नाव द्यावे, की झाली नवनिर्मिती! वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजविण्यास मधमाश्यांचे मेण, एवढ्या साहित्याचा तो तारपा. परंतु तो वाजविताना तारपकरी श्वास तुटू देत नाही, आणि नाचणारी साखळी त्याच्या मागोमाग वळत जाते. तो पावले बदलतो तसा नाच बदलतो. म्हणजे येथे वाद्य हे नाचाचे नेतृत्व करते. त्याचा दहा पळांचा तुकडा कापून तोच पुन्हा पुन्हा वाजविणे म्हणजे पुढाऱ्याचे मुंडके कापून मिरवणुकीपुढे नाचविणे होय. वारली चित्रांतील तारप्याचे वर्तुळ आज चहाच्या कपांवर, पडद्यांवर, विमानतळांच्या भिंतींवर सर्वत्र दिसते. चित्र घरोघर पोहोचले आणि आवाज पाड्यावरच राहिला. त्या चित्राचा मालक कोण आणि त्या आवाजाचा धनी कोण, हे विचारण्याचे कोणासही सुचले नाही.

तेव्हा मिश्रण कोणते आणि भेसळ कोणती, हे ठरविण्यास काही कसोटी हवी. आमच्या मते ती तिहेरी आहे. पहिली ही, की मिसळणारा दोन्ही सुरांत राहिलेला असावा. एक त्याच्या पाळण्यातला आणि दुसरा त्याच्या उंबऱ्याबाहेरचा असेल, तरी दोन्ही त्याच्या अंगावरून गेलेले असावेत. दुसरी ही, की जुळणी अशी असावी की एक सूर काढून घेतला असता दुसरा अपुरा वाटावा. नुसते एकावर एक रचलेले थर केव्हाही सोलून काढता येतात. तिसरी ही, की ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव आणि त्याचा वाटा त्यास मिळावा. तिसरी कसोटी कलेची नव्हे, नीतीची आहे, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर असे, की उसने घेतलेले कबूल न करणाऱ्याचा हात कलेतही लवकरच चोरटा होतो.

या कसोट्या आम्ही परदेशी उदाहरणावरही लावून दाखवितो. बोहेमियातील कार्ल्सबाड येथे १९०७ साली जन्मलेले ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन हे नाझींच्या धास्तीने १९३४ साली मुंबईस आले. हिंदुस्थानी संगीत प्रथम ऐकले तेव्हा ते त्यांस अगम्य वाटले. परंतु त्यांनी बारा वर्षे येथे राहून ते कान देऊन शिकले. ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर ते पाश्चात्य संगीत विभागाचे प्रमुख होते, आणि शिवरंजनी रागाच्या वळणाची जी ओळखधून पिढ्यान्‌पिढ्या आपण सकाळी ऐकत आलो, तिचे श्रेय सामान्यतः त्यांसच दिले जाते. निर्वासित म्हणून आलेल्या त्या गृहस्थाने १९४६ साली हा देश सोडला. पुढे अमेरिकेत त्यांनी हिंदुस्थानी रागांवर भला थोरला ग्रंथ लिहिला. घेतले त्याचे ऋण त्यांनी असे मान्य केले.

याच्या उलट बाजू आपल्याच घरची आहे. गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे बालपण चर्चमधील गायनवृंदात गेले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत त्यांनी व्हायोलिन वाजविले, स्वरसंयोजन केले, प्यारेलाल यांच्यासारखे शिष्य घडविले. आणि १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या आवारात रागांवर आधारलेल्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून दाखविल्या, तेव्हा लता मंगेशकर व मन्ना डे यांनी त्यांत गायन केले. गोव्याच्या प्रार्थनेतील स्वरसंवाद आणि हिंदुस्थानी राग यांची सांगड घालण्याचा इतका धीट यत्न त्यापूर्वी क्वचितच झाला असेल. परंतु त्या काळच्या चित्रपटांच्या तबकड्यांवर गायकाचे नाव असे, संगीत दिग्दर्शकाचे असे. ज्या गोमंतकीयांनी ते स्वर कागदावर मांडले व वाद्यांत वाटून दिले, त्यांची नावे बहुधा नसत. त्यांपैकी एकाचे नाव महाराष्ट्रास ठाऊक झाले ते १९७७ साली एका विनोदी चित्रपटगीतात आले म्हणून. मिश्रण उत्तम होते. हिशेबात मात्र भेसळ होती.

या हिशेबाचा अर्थ शहापूरच्या माणसास समजावून सांगावा लागत नाही. १८९२ साली तानसा धरण पूर्ण झाले तेव्हापासून या तालुक्याचे पाणी मुंबईस जाते. भातसा झाल्यावर तर मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ अर्धा वाटा तेथून जाऊ लागला. मुंबईकराच्या नळात तानसा, वैतरणा व भातसा यांचे पाणी एकत्र होते, आणि ते अशुद्ध झाले अशी तक्रार त्यावरून कोणी करीत नाही. तक्रार आहे ती वेगळीच. ज्या तालुक्यातून ते जाते, त्यातीलच कित्येक पाड्यांवर वैशाखात बाया टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. गाण्याच्या बाबतीत आम्हांस हीच भीती आहे. सूर शहरात जावेत, मिसळावेत, त्यांचे नवे गाणे व्हावे, याविषयी आमची हरकत नाही. पण पाड्यावरचा ढोल, धवलेरीचा गळा आणि तारपकऱ्याचा श्वास हे कोरडे पडू नयेत. शुद्धतावादी म्हणतात, धरणच बांधू नका. नवतावादी म्हणतात, पाणी आम्हांस मिळाले, तुमचे तुम्ही पाहा. दोघेही पाड्यावर येत नाहीत.

आणि पाड्यावर काय चालले आहे? हळदीच्या रात्री भिंतीएवढे कर्णे लावून बाहेरून आणलेली गाणी वाजविली जातात, आणि धवलारीण कोपऱ्यात बसून राहते, कारण तिचा आवाज कोणासही ऐकू जात नाही. आश्रमशाळेतील मूल वार्षिक समारंभात चित्रपटगीतावर नाचते आणि आजीच्या गाण्यास लाजते. म्हणजे ज्या शुद्ध परंपरेचे रक्षण करण्यासाठी आमच्या परीक्षकांनी त्या खानदेशी मुलास बाद केले, ती परंपरा त्याच्यामुळे मुळीच मरत नव्हती. उलट एका ठाकर तरुणाने शेकडो विद्यार्थ्यांसमोर आपला ढोल मानाने वाजविला, ही गोष्ट त्या दिवशी फक्त त्याच्यामुळेच घडली. आमच्या तिन्ही कसोट्यांस तो उतरला होता: दोन्ही सुरांत तो वाढला होता, ढोल काढला असता तर त्याचे गाणे लंगडे पडले असते, आणि ज्याचे घेतले त्यास त्याने शेजारी उभे केले होते. ज्यास बाहेरचा म्हणून हिणविण्यात आले, त्यानेच आतल्याचा मान राखला. त्यानंतर तो पुन्हा स्पर्धेत उतरला नाही, असे आमच्या कानी आले. एका गुणी मुलाचे गाणे थांबले, हे नुकसान कोणत्या रकान्यात लिहावयाचे, ते परीक्षकांनी कळवावे.

आमचे म्हणणे केवळ निषेधाचे राहू नये म्हणून तीन सूचना करतो. पहिली स्पर्धा भरविणाऱ्यांस. लोकगीताच्या गटात मुद्रित वाद्यास प्रवेश देऊ नये, आणि दोन परंपरांचे गाणे आले तर ते गटाबाहेरचे म्हणून ढकलू नये. मात्र प्रत्येक स्पर्धकाकडून, हे गाणे व ही लय आपण कोणाकडून शिकलो, हे नावानिशी व्यासपीठावर सांगून घ्यावे. एवढ्या एका नियमाने निम्मी भेसळ आपोआप उघडी पडेल. दुसरी सूचना आमच्याच व्यवसायबंधूंस. महदंबा शिकविण्याच्या आठवड्यात धवलेरीस वर्गात बोलवावे, आणि बाहेरच्या व्याख्यात्यास जे मानधन देतो तेवढेच तिलाही द्यावे. प्रवासखर्च देऊन हातावर नारळ ठेवणे हा तिचा सत्कार नव्हे. तिसरी सूचना नव्या वस्तीतील आईबापांस. मुलाने शाळेत चांगले मराठी बोलावे म्हणून घरातील अहिराणी, मालवणी अथवा भोजपुरी गाणे बंद करू नका. तुमच्या आईने दळताना जे म्हटले, ते तुमच्या मुलाच्या कानात राहू द्या. आणि शेजारच्या पाड्यावर ढोल वाजला, तर त्यास जाऊ द्या. पुढे तो काय मिसळील ते आज कोणासही सांगता येणार नाही. १८७२ साली कैरान्यात जन्मलेल्या मुलाविषयी तरी कोणास सांगता आले होते?

ज्यांस एवढे करावयाचे नसेल, त्यांनी खुशाल लॅक्टोमीटर घेऊन बसावे. परंतु त्यांनी न्याय सरसकट करावा, एवढीच आमची विनंती आहे. आसनगावच्या मुलास बाद करावयाचे असेल, तर त्याच लेखणीने मिरजेच्या खाँसाहेबांसही बाद करावे, सौभद्राची पदे पुसून टाकावीत, गावोगावच्या भजनातील पेट्या उचलून न्याव्यात, आणि आषाढीच्या पहाटे भीमसेनांचा अभंग लागला की कान झाकून घ्यावेत. ते धैर्य त्यांच्यात नसेल, तर त्या मुलाची व त्याच्या ढोलकऱ्याची त्यांनी जाहीर क्षमा मागावी, आणि पुढल्या स्पर्धेस दोघांस सन्मानाने बोलावून आणावे.